मोटार मेकॅनिक म्हणून परदेशी जायचंय? आधी फाईल बांधा

आयटीआयमधून मोटार मेकॅनिक, म्हणजे एमएमव्ही ट्रेड करून चार-सहा वर्षं गॅरेजात घासलेल्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सध्या कुठल्या देशात चान्स आहे?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. गेली पाच वर्षं तुम्ही रोज नेमकं काय काम केलंत, हे तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला कागदावर कसं दाखवाल? जर्मनीतलं कारागिरांचं चेंबर, कॅनडातलं प्रांताचं ट्रेड कार्यालय, ऑस्ट्रेलियातलं मूल्यांकन खातं, सगळीकडे हेच विचारतात. आपल्या मुलांकडे काम भरपूर असतं. इंजिन बांधलेलं असतं, गिअरबॉक्स उतरवलेला असतो, वायरिंगचा बिघाड रात्र जागून शोधलेला असतो. पण त्यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून या लेखात देश नंतर येतील, फाईल आधी.

हातातलं प्रमाणपत्र नीट वाचा

एमएमव्ही हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. इथे भारतात नोकरी लागताना हा फरक फारसा कोणी विचारत नाही. जर्मनीसाठी मात्र तो निर्णायक ठरतो, कारण तिथले बरेच मार्ग "किमान दोन वर्षांचं, सरकारमान्य व्यवसाय प्रशिक्षण" ही अट घालतात. मेकॅनिक डिझेलवाल्याने एजंटकडे पैसे भरण्याआधी एवढं तरी तपासावं.

आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणजे एनटीसी, आणि अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा दिल्यावर मिळतं ते एनएसी. दोन्ही असतील तर दोन्ही जोडा. अप्रेंटिसशिपचं वर्ष प्रशिक्षणात किंवा अनुभवात धरलं जाण्याची शक्यता असते आणि अनेक जण ते सांगायलाच विसरतात. सोबत गुणपत्रिका हव्यात आणि तुमच्या बॅचला लागू असलेला अभ्यासक्रमही हवा. अभ्यासक्रम डीजीटी, म्हणजे केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय, प्रसिद्ध करतं. तो छापून त्यावर आपल्या आयटीआयच्या प्राचार्यांचा सही-शिक्का घेतला तर परदेशी तपासनीसाचे निम्मे प्रश्न सुटतात, कारण त्याला "ब्रेक सिस्टीमवर किती तास शिकवलं" हे पाहायचं असतं.

आयटीआय केलेलंच नाही, लहानपणापासून उस्तादाच्या हाताखाली शिकलो, असं असेल तर दार बंद नाही. अनुभवाच्या बळावर खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायची सोय आहे. त्या त्या वर्षीच्या अटी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या सूचनेत असतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात नुसत्या अनुभवावरही मूल्यांकन होतं. जर्मनीत मात्र अवघड जातं.

आणि नाव. दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी, आयटीआयच्या कागदावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब, पीएफच्या खात्यात स्पेलिंग तिसरंच. आपल्याकडे कोणाला यात काही वाटत नाही, बाहेर मात्र ही तीन वेगळी माणसं ठरतात. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद आत्ताच त्याच्याशी जुळवून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नावाची नोंद करा.

अनुभवाची फाईल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गॅरेज मालकाकडून मिळणारं नेहमीचं पत्र असं असतं: "अमुक यांनी आमच्याकडे मेकॅनिक म्हणून काम केले, वर्तणूक चांगली आहे." वर्तणूक कोणी विचारलेली नाही. पत्र लेटरहेडवर हवं. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी, आठवड्याचे तास हवेत, पद हवं, पगार हवा, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि चालू फोन नंबर हवा. आणि मुख्य म्हणजे कामांची यादी हवी: पेट्रोल-डिझेल इंजिनची दुरुस्ती, क्लच आणि गिअरबॉक्स, डिस्क आणि ड्रम ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग-सस्पेन्शन, चार्जिंग आणि स्टार्टिंग सर्किट, एसी, स्कॅनर लावून बिघाड शोधणं. जे केलंय तेच लिहा. तांत्रिक मुलाखतीत पत्रातल्याच ओळीवर बोट ठेवून विचारतात, आणि एबीएसचा सेन्सर मल्टिमीटरने कसा तपासलात हे सांगता आलं नाही तर अख्ख्या पत्रावरचा विश्वास उडतो.

मालक असं सविस्तर पत्र स्वतःहून लिहीत नाही. त्याला वेळ नसतो, पुष्कळदा इंग्रजीचीही अडचण असते. मसुदा तुम्हीच तयार करा, त्याला वाचून दाखवा आणि खरं असेल तेवढ्यावर सही घ्या.

दुसरी गोष्ट डायरी. शंभर पानी वही घ्या, रोज चार ओळी लिहा: गाडीचं मॉडेल आणि वर्ष, ग्राहकाची तक्रार, तपासणीत काय निघालं, काय केलं. जॉब कार्डाचा फोटो काढता आला तर काढा, फक्त ग्राहकाचं नाव आणि गाडीचा नंबर झाका. महिन्यातून एखाद्या मोठ्या कामाचे फोटो असे काढा की त्यात तुम्ही दिसाल, हातातलं हत्यार दिसेल आणि काम दिसेल. वर्षभरात ही वही कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त उपयोगाची होते.

तिसरी गोष्ट पगार. रोखीत घेतलेला पगार बाहेरच्या लेखी मिळालेलाच नसतो. ऑस्ट्रेलियाच्या मूल्यांकनात काम पगारी होतं याचा पुरावा मागतात: पगारपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, पीएफ, आयकर विवरण. तेव्हा मालकाला सांगून पगार आजपासून खात्यात घ्या, आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरायला लागा. स्वतःचं गॅरेज असेल तर गुमास्ता म्हणजे शॉप अ‍ॅक्टची नोंद, उद्यम नोंदणी, स्पेअर पार्टच्या खरेदीची बिलं आणि ग्राहकांना दिलेल्या पावत्या वर्षवार लावून ठेवा.

चाकण-रांजणगावच्या मुलांसाठी एक इशारा. एमएमव्ही करून कार कंपनीच्या असेंब्ली लाइनवर तीन वर्षं काम केलं, तर तो मेकॅनिकचा अनुभव धरला जाईलच असं नाही. लाइनवर एकच बोल्ट दिवसभर ठरलेल्या टॉर्कला आवळला जातो. बिघाड शोधणं त्यात येत नाही. कंपनीचं नाव मोठं असलं तरी बाहेर जायच्या दृष्टीने अधिकृत सर्व्हिस सेंटरमधलं वर्ष जास्त मोलाचं. त्यातही बीएस-६ म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या गाड्यांवर काम केलेलं असेल तर ते ठळक लिहा. १ एप्रिल २०२० पासून आपल्या नव्या गाड्या या मानकाच्या आहेत. डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर, युरियाची प्रणाली, ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड नोंदवायची यंत्रणा, हे सगळं आता इथेही रोजचं झालंय, आणि युरोपातल्या मालकाला पहिली शंका नेमकी त्याचीच असते.

देश निवडताना काय पाहायचं

काही ठिकाणी लायसन्सशिवाय गाडीला पाना लावता येत नाही. काही ठिकाणी काम करायला लायसन्स नाही, पण व्हिसासाठी शिक्षणाची बरोबरी सिद्ध करावी लागते. आणि काही ठिकाणी कायदा काहीच विचारत नाही, मालक विचारतो. आपण ज्या देशाकडे पाहतोय तो यातला कुठला, हे कळलं की खर्चाचा आणि वेळेचा अंदाज येतो.

जर्मनी

जर्मनीतला बरोबरीचा व्यवसाय म्हणजे 'काएफत्सेट मेशाट्रोनिकर'. यांत्रिक आणि विजेचं काम एकाच माणसाने करायचं, असा हा साडेतीन वर्षांचा कोर्स आहे. आठवड्यातला काही वेळ शाळा, बाकी वर्कशॉप. नोकरदार म्हणून काम करायला वेगळा परवाना नाही. स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल तर मात्र नियमाप्रमाणे माइस्टर ही वरची पदवी लागते.

तुमचं एमएमव्ही याच्याशी ताडून पाहतं ते हांडवेर्क्सकामर, म्हणजे त्या भागाचं कारागिरांचं चेंबर. अर्ज भारतातूनही करता येतो. फी साधारण १०० ते ६०० युरो, शिवाय मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून केलेल्या भाषांतरांचा खर्च वेगळा. निकाल तीन प्रकारचा असतो: पूर्ण बरोबरी, अंशतः बरोबरी किंवा नकार. दोन वर्षांचा आयटीआय साडेतीन वर्षांच्या कोर्ससमोर ठेवल्यावर अंशतः निकाल येणं स्वाभाविक आहे, त्याने खचू नका. उरलेली दरी अनुभवाने भरता येते, आणि वर सांगितलेली वही इथेच कामाला येते. जर्मन पत्रात नेमके कोणते भाग कमी पडले ते लिहिलेलं असतं.

१ मार्च २०२४ पासून तिथे 'मान्यता भागीदारी' नावाचा मार्ग सुरू झाला. यात मान्यतेचा निकाल हातात येण्याआधीच जाऊन कामाला लागता येतं. प्रक्रिया तिथे राहून पूर्ण करायची, त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं. अटी अशा: नोकरीचा करार, किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण आणि जर्मन भाषा ए-२ पातळीपर्यंत (भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१ अशा चढत जातात). माझ्या मते एमएमव्ही झालेल्या आणि अनुभव असलेल्या माणसाला हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. जून २०२४ पासूनच्या 'शान्सेनकार्टे'ची जाहिरात एजंट जास्त करतात. त्यात नोकरी नसताना जाऊन वर्षभर शोधायची असते, खर्चाचे पैसे आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात आणि तोवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. घर गहाण टाकून जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

वय एकोणीस-वीस असेल, आयटीआय नुकतंच झालं असेल, तर बरोबरीच्या भानगडीत न पडता तिथली साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंगच करणं जास्त शहाणपणाचं. शिकताना विद्यावेतन मिळतं आणि शेवटी हातात जर्मन कागद येतो. त्यासाठी भाषा बी-१ लागते.

भाषा हाच खरा अडसर आहे. जॉब कार्ड, कंपनीचं दुरुस्ती मॅन्युअल, ग्राहकाची तक्रार, सगळं जर्मनमध्ये. पुण्यात आणि मुंबईत मॅक्समुल्लर भवनात वर्ग आणि परीक्षा होतात. नोकरी सांभाळून बी-१ पर्यंत जायला वर्ष सहज लागतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा गावोगाव चर्चा झाली. करार असो नसो, भाषेची आणि मान्यतेची अट तीच राहते. यादीत नाव लागायची वाट बघत बसण्यापेक्षा ए-१ सुरू करा.

कॅनडा

कॅनडात ट्रेडचे नियम प्रांत ठरवतो. ओंटारियोत हा व्यवसाय '३१०एस' या क्रमांकाने ओळखला जातो आणि तो सक्तीच्या यादीत आहे: प्रमाणपत्र नसेल आणि अप्रेंटिस म्हणून नोंदणीही नसेल, तर काम करणं बेकायदा. अल्बर्टातही सक्ती आहे.

ओंटारियोतली अप्रेंटिसशिप ७,२२० तासांची. आठ तासांचा दिवस धरला तर नऊशेच्या वर दिवस. तुमचा अनुभव त्या तोडीचा आहे हे स्किल्ड ट्रेड्स ओंटारियो या संस्थेला दाखवायचं, त्याला ट्रेड इक्विव्हॅलन्सी असेसमेंट म्हणतात. मंजूर झालं की परीक्षा: बहुपर्यायी प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. ती 'रेड सील' पातळीची असल्याने पास झाल्यावर इतर प्रांतांतही प्रमाणपत्र चालतं. हाताने उत्तम काम करणारी माणसं या परीक्षेत अडकतात ती इंग्रजीमुळे. सर्किट डायग्राम वाचून "पुढची तपासणी कोणती" असे प्रश्न असतात. आपल्याकडे पार्ट बदलून बघायची सवय असते, ती इथे नडते.

कायमच्या निवासासाठी केंद्राचा फेडरल स्किल्ड ट्रेड्स हा मार्ग आहे. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव हवा. भाषेची अट सौम्य आहे, आयएल्ट्स जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत बोलणं-ऐकणं ५, वाचन ३.५, लेखन ४. पण सोबत एक वर्षाच्या नोकरीचा प्रस्ताव किंवा प्रांताचं प्रमाणपत्र लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. मालकाने परदेशी कामगार आणण्यासाठी घ्यायची परवानगी म्हणजे एलएमआयए. तिची १,००० डॉलर फी मालकानेच भरायची असते, कामगाराकडून ती वसूल करता येत नाही. "एलएमआयए विकत देतो" म्हणणारा माणूस गुन्हा करतोय.

दोन गोष्टी तिथे पोचल्यावर कळतात, त्या आधीच ऐकून ठेवा. टूलबॉक्स स्वतःचा घ्यावा लागतो. सॉकेट सेटपासून टॉर्क रेंचपर्यंत हजारो डॉलर जातात. जर्मनीत हत्यारं बहुधा मालक देतो. दुसरं म्हणजे अनेक वर्कशॉपमध्ये पगार 'फ्लॅट रेट'वर असतो. एखाद्या कामाला पुस्तकात दोन तास लिहिलेत, तर तुम्हाला तीन लागले तरी पैसे दोनचेच. गंजलेला बोल्ट कापत बसण्यात सुरुवातीला फार वेळ जातो, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीची खालची बाजू खाऊन टाकतं. पहिले सहा महिने तरी तासावर पगार मिळेल का, हे मुलाखतीतच विचारा.

ऑस्ट्रेलिया

इथलं मूल्यांकन ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया करतं. आधी कागद तपासतात, मग तांत्रिक मुलाखत किंवा प्रत्यक्ष काम. मोजपट्टी म्हणजे तिथला लाइट व्हेइकलचा सर्टिफिकेट-थ्री कोर्स. कागद पक्के असतील तर तांत्रिक भाग आपल्या माणसाला जड जात नाही, असं माझं मत आहे. न्यू साउथ वेल्स आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत काम करायला राज्याचं वेगळं प्रमाणपत्रही लागतं. बाकी ठिकाणी नाही. सिडनी की मेलबर्न हे ठरवताना हे डोक्यात असू द्या.

आखात आणि जपान

आखातात भाषेची परीक्षा नाही, बरोबरीचा दाखला नाही, आणि म्हणूनच आपली बहुतेक माणसं आधी तिथे जातात. अपवाद सौदीचा: तिथे काही ट्रेडसाठी निघण्याआधी भारतातच कौशल्य चाचणी द्यावी लागते, आणि भारतात ती सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या ट्रेडमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन होता. एसीचं काम येत असेल तर आखातात तुमची किंमत वाढते. तिथला अनुभव पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियासाठी मोजला जातो, तेव्हा नोकरी सोडताना अनुभवपत्र आणि पगाराचे बँक कागद घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

जपानच्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसात मोटार दुरुस्ती हे क्षेत्र आहे. जपानी भाषेची एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि कौशल्य चाचणी लागते. पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेबद्दल थोडक्यात. दोन्हीकडे देशभर लागू असं सक्तीचं मेकॅनिक लायसन्स नाही. अमेरिकेत एएसई या संस्थेची मेकॅनिकसाठीची प्रमाणपत्रं मालक मानतात, पण व्हिसाची वाट मेकॅनिकसाठी जवळजवळ नाहीच. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसा, काही अपवाद सोडले तर, पदवीच्या पातळीवरच्या कामांपुरता केला.

वरचे छोटे परवाने

मूळ प्रमाणपत्राइतकंच या गोष्टींनी काम अडतं. गाडीच्या एसीचा गॅस हाताळायला ऑस्ट्रेलियात वेगळं लायसन्स, अमेरिकेत पर्यावरण खात्याच्या कलम ६०९ चं प्रमाणपत्र, युरोपीय संघातही प्रशिक्षणाचा दाखला लागतो. आपल्यासारखा गॅस हवेत सोडून पाइप उघडला तर दंड होतो. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या नारिंगी केबलला हात लावायचा तर जर्मनीत हाय-व्होल्टेजचं पातळीवार प्रशिक्षण बंधनकारक आहे. इथे असतानाच एखाद्या ईव्ही डीलरच्या वर्कशॉपमध्ये वर्षभर काम मिळालं तर सोडू नका. आणि चालकाचं लायसन्स विसरू नका. टेस्ट ड्राइव्ह घेता आली नाही तर मेकॅनिक अर्धाच. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतं, मग तिथली परीक्षा द्यावी लागते, आणि ती स्वस्त नाही.

एजंट आणि पैसे

परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना हवा. नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून तपासता येतो. कायद्याने त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दहावी पास असल्यामुळे आपल्या बहुतेक आयटीआय मुलांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नसतो, म्हणजे आखातात जाताना इमिग्रेशनची सरकारी तपासणी होत नाही. हे सोयीचं वाटतं, पण करार कोणी सरकारी माणसाने पाहिलेलाच नसतो, हा त्याचा दुसरा अर्थ. मूळ पगार किती, ओव्हरटाइम कसा, राहणं-जेवण कोणाचं, परतीचं तिकीट कोणाचं, हे करारात वाचा आणि प्रत घरी ठेवून जा. "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो" असं ऐकलं की तिथून उठा. पोचल्यावर पासपोर्ट स्वतःकडे ठेवा. कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला यूएई आणि सौदीत मालकाला कायद्याने मनाई आहे. पगार थकला किंवा पासपोर्ट अडकला, तर तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर करता येते, आणि ती इथून घरचं माणूसही करू शकतं.